उजवी कळी

माझ्या नवऱ्याने मला फसवलं ते फणसाच्या चिकाने. हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्याचं हसू येतं, पण पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हसू आलं नव्हतं. बायकांचे नवरे काय काय करतात. कुठे बाहेर मन गुंतवतात, पत्ते कुटतात, नोकरी गेलेली महिनोन् महिने लपवतात. माझ्या नवऱ्याने एका कळीला चीक लावला. तेवढ्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

रेवदंड्याजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे अलिबागला एका कचेरीत आहेत. पंचेचाळिशीनंतर मी धावायला लागले. आधी गुडघे दुखतात म्हणून चालायला लागले होते, मग चालण्याचा कंटाळा आला म्हणून पळाले. ओढणी घरी ठेवून किनाऱ्यावर पळणाऱ्या बाईकडे गावाने महिनाभर बघून घेतलं आणि मग नाद सोडला. हे मात्र रोज माझ्याबरोबर यायचे. स्वतः एक पाऊल पळायचे नाहीत. सुरूच्या झाडाखाली चहाचा थर्मास घेऊन बसायचे, मोबाइलवर वेळ लावायचे आणि मी धापा टाकत परत आले की गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "कालच्यापेक्षा बारा सेकंद जास्त. आज भात कमी खा."

काशीदला दर फेब्रुवारीत हौशी लोकांची दहा किलोमीटरची शर्यत होते. आमच्याकडून खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे जायचं आणि तिथल्या किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन यायचं, बस. तिथे एका वर्षी मी माझ्या वयोगटात तिसरी आले. त्या वयोगटात बायका तीनच होत्या, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायचे, आणि तरी ते पदक यांनीच स्वतः खिळा ठोकून आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर लावलं.

मग एका जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझी दाढ दुखायला लागली. जिना चढताना दुखायची, वर्गात जाऊन उभी राहिले की थांबायची. इतकी वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला यात काही वावगं वाटलं नाही. मी लवंग धरली. आठवड्याने दातांच्या डॉक्टरकडे गेले. ती माझ्याच शाळेत शिकलेली मुलगी. तिने दाढ ठोकून पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि तिचा चेहरा बदलला. "बाई, हे दाताचं नाही," म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी पनवेलच्या हॉस्पिटलात होते. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. दोन स्टेंट घातले.

मला भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. ज्या शरीराला मी पहाटे उठवून पळवलं, ज्याच्यासाठी पापड आणि लोणचं सोडलं, त्याने मला आतून दगा दिला होता. शाळेतल्या स्टाफरूममध्ये बसल्या जागी समोसे खाणारे सगळे ठणठणीत होते. ते भेटायला आले आणि म्हणाले, "एवढं पळून काय उपयोग झाला?" मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. यांनीच आत जाऊन केला.

पुढचे सहा-सात महिने मी शहाण्यासारखी वागले. गोळ्या वेळेवर घेतल्या. आधी अंगणात चालले, मग वाडीत, मग पुन्हा किनाऱ्यावर. हे थर्मास घेऊन बसायचे, पण आता वेळ लावायचे नाहीत. जानेवारीत डॉक्टरांनी चाचणीच्या पट्ट्यावर पळवून बघितलं, कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "धावा की. फक्त कोणाशी चढाओढ करू नका. दम लागला तर चाला, लाजू नका." मी विचारलं, "काशीदची शर्यत?" ते म्हणाले, "शेवटच्या येणार असाल तर जा." येताना गाडीत मी यांना दहा वेळा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? हे समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू ठरव. तुझं शरीर, तुझी शर्यत."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वाडीत कुठलंही मोठं काम देवीला विचारल्याशिवाय करत नाहीत. विहीर खणायची असो, मुलीला स्थळ बघायचं असो, कौल लावायचा. देवी म्हणजे एक काळा उभा पाषाण. तिला शेंदूर लागत नाही, नुसतं पाणी. गुरव तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून त्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालतो. मग सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार. विज्ञानाची बाई हे कसं मानते, असं मला शाळेत पुष्कळांनी विचारलं आहे. ओल्या कळीच्या आणि दगडाच्या मध्ये पाणी असतं, ते सुकलं की कळी पडते, कुठली आधी सुकेल ते कोणाच्या हातात नसतं. हे मला ठाऊक आहे. कोणाच्या हातात नसतं म्हणूनच तर मी ते मानत होते.

कौल लावायचा ठरला त्या सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर हे ओट्यावर बसून बोटांना खोबरेल तेल चोळत होते. "काय झालं?" म्हटलं. "वाडीत फणसाची फांदी आडवी येत होती, तोडली. चीक लागला." फणसाचा चीक पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, तेलच लागतं. कोकणातल्या पोराला विचारलं तरी सांगेल. मी म्हटलं, आजच बरी फांदी सुचली, आणि साडी नेसायला गेले.

देवळात आम्ही तिघेच. गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "बाईंच्या मनात हाय ते तू जाणतेस, आई, तूच काय ती वाट दाखव." मी हात जोडून बसले. इतक्या मनापासून मी लग्नाच्या वेळीही हात जोडले नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डावी कळी सुटली आणि खाली पडली. उजवी तशीच. हे म्हणाले, "असू दे. देवीची इच्छा." मी म्हटलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता मी देवळात डोकावले. गुरव आंघोळीला गेला असावा, कोणी नव्हतं. उजवी कळी अजून पाषाणावर होती. सुकून तपकिरी झालेली, आणि तरी चिकटलेली. कधी असं झालेलं नव्हतं. दोन-चार तासांत दोन्ही पडतातच. मी त्या कळीकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, आई, किती ठाम आहेस गं तू. नुसतं नाही म्हणून थांबली नाहीस, बजावलंस. मला ती पुन्हा पुन्हा आठवायची. माझ्या हातून असं काय घडलं की देवीने एवढ्या ठासून दार लावलं, हा एकच विचार. सासूबाईंशी शेवटच्या दिवसांत बोललेलं एक वाक्य आठवलं. आईच्या आजारपणात परीक्षांचं कारण सांगून न गेल्याचं आठवलं. पन्नाशीतली शिकलेली बाई मी, स्वतःच्या अंगात खोट शोधत बसले.

मी मंगळवार धरले. फेब्रुवारी गेला, शर्यत झाली, मी त्या दिवशी उगाच कपाटं आवरली. उन्हाळा गेला, पाऊस आला. दर मंगळवारी मला उपासाची साबुदाण्याची खिचडी हे करून द्यायचे. दाण्याचं कूट बारीक, मिरची तुपात परतलेली, मला आवडते तशी. समोर ताट ठेवून म्हणायचे, "खा. खूप झालं मनाला लावून घेणं."

घटस्थापनेच्या आधी वाडीतल्या बायका देवळाची साफसफाई करतात. त्या वर्षी पाषाण धुवायची पाळी माझी होती. काथ्याने घासता घासता उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, बोटाच्या पेराएवढा एक डाग हाताला लागला. काळ्यावर करडा. घासला, जाईना. राख लावली, जाईना. हात आपोआप समईच्या तेलाच्या बाटलीकडे गेला. आमच्याकडे समईत खोबरेलच घालतात. दोन थेंब टाकून अंगठ्याने चोळलं आणि डाग वळून आला, रबरासारखा, लांबट. त्यात पांढरट तंतू होता. मी तो अंगठा आणि बोट यांच्या मध्ये धरून बघत राहिले. ओट्यावर बसून बोटांना तेल चोळणारा माझा नवरा मला तेव्हा इतका लख्ख दिसला की मी बाकीच्या बायकांकडे पाठ करून खाली बसले.

गुरवाला मी देवळामागे गाठलं. तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "बाई, मी तवाच मालकांना म्हनालो, नको. ते म्हनाले, बाईंचा जीव वाचवायचा हाय, देवीला राग न्हाय यायचा. केळीच्या पानात चीक आनला त्यांनी. मी लावला. माजं चुकलं." मला त्याचा रागही धड येईना. साठीचा माणूस, आयुष्यभर लोकांच्या कळ्या लावत आलेला.

हे ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसले होते. मी तो करडा तुकडा त्यांच्या समोरच्या सुपात टाकला. त्यांनी उचलून पाहिला. नाही म्हणाले नाहीत. अडकित्ता बाजूला ठेवला.

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" एवढंच म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत कधी? तू ठरव म्हणालात."

"नको म्हटलं असतं तर मी अडवणारा नवरा झालो असतो. जन्मभर तुझ्या मनात राहिलं असतं. देवी नको म्हणाली तर तू कोणावर रागावली नसतीस."

"मी माझ्यावर रागावले," मी म्हटलं. माझा आवाज शेजारच्या वाडीत गेला असणार. "आठ महिने मी उपास केले. कुठल्या पापाचे, ते शोधत होते. आणि तुम्ही खिचडी करून घालत होतात!"

यांनी मान खाली घातली. "पनवेलला त्या काचेतून तू दिसत होतीस, नळ्या लावलेली," ते म्हणाले. "मला ते परत बघायचं नव्हतं." ते रडले. मी नाही रडले. मला दिसत होतं की हा माणूस माझ्यावर जीव टाकतो, आणि त्याच माणसाने केसाने माझा गळा कापला होता. दोन्ही खरं होतं, आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं. मला अडवलं याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. पण माझी एक विचारायची जागा होती, आई गेल्यानंतर उरलेली एकच, आणि तिथे जाऊन त्यांनी तिच्या तोंडी स्वतःचं उत्तर घातलं. आता मी कोणाला विचारणार होते?

त्यानंतर आम्ही बोलत होतो, भाजी काय आणायची, बिल भरलं का, एवढंच. हे लाजेने देवळात जायचे बंद झाले. मी किनाऱ्यावर एकटी जायला लागले. थर्मास फडताळात राहिला. मी डॉक्टरांकडे पुन्हा चाचणी करून आले, एकटीच, बसने. कागद चांगले होते. हळूहळू दोन किलोमीटर, चार, सहा. पाय धावत होते, पण प्रत्येक पावलाला मी आत कान लावून असायची. डॉक्टरांचा होकार होता, पायांचा होता. तिसरा, जो मला खरा हवा होता, तो कधी विचारलाच गेला नव्हता.

म्हणून जानेवारीत मी पुन्हा देवळात गेले. यांना सांगितलं, कौल लावायला चालले आहे, तुम्ही यायचं नाही. कळ्या माझ्या परसातल्या. पाणी माझ्या विहिरीचं, तांब्यात. साबणाची वडीही नेली. गुरवाला म्हटलं, हात पुढे करा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायला लावले, पाचवीतल्या पोराची नखं तपासावीत तशी त्याची नखं तपासली. तो बापडा म्हणाला, "बाई, आता चीक कुठून आननार मी?" मी म्हटलं, बोलू नका, लावा.

त्याने कळ्या लावल्या. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं. "आई, बाईंच्या मनात..." एवढं म्हणेपर्यंत कळी पडली.

डावी.

बाहेर नारळाची झापंसुद्धा हलत नव्हती. गुरव आधी कळीकडे आणि मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "परत लावू का, बाई? वारा व्हता."

"वारा नव्हता," मी म्हटलं.

मी उठले, ती कळी उचलली, पदराला बांधली आणि घरी निघाले. वाटेत मला रागही आला नाही, रडूही आलं नाही. एवढंच मनात होतं की आता ही पण. चार महिने जिच्या वतीने मी नवऱ्याशी भांडले, जिच्या तोंडी घातलेल्या खोट्याने माझा संसार आंबट झाला, तिला विचारायला गेले तर तिचंही उत्तर तेच. देवी आणि हे, दोघं एका बाजूला, आणि मी एकटी एका बाजूला. फाटकाशी येईपर्यंत मी काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. हे ओट्यावर उभे होते. त्यांचा एक हात खांबावर होता आणि चेहरा असा की उत्तर आधीच झेलायला तयार.

"काय?" त्यांनी विचारलं.

"उजवा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि देवळाच्या दिशेने हात जोडले. किती तरी वेळ तसेच. मग आत गेले आणि फडताळातून थर्मास काढून विसळायला लागले. मी पदराची गाठ मुठीत धरून उभी होते. खोटं बोलायला मला काहीच वेळ लागला नाही, हेच मला राहून राहून नवल वाटत होतं. त्यांना घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. अगदी हेच वाक्य त्यांनी वर्षापूर्वी स्वतःला सांगितलं असणार. आणि त्यात थोडी वचपा काढल्याची गोडीही होती, तीही सांगून टाकते.

शर्यतीच्या दिवशी ओहोटी होती, वाळू घट्ट होती. सुरुवातीला सगळे माझ्या पुढे गेले आणि मी जाऊ दिले. पहिली खेप बरी गेली. तिसऱ्या खेपेला जबड्यात कळ आली. मी थांबले. समोर समुद्र होता, मागे सुरूचं बन, आणि माझ्या पाठीशी कोणाचाच होकार नाही, डॉक्टरांच्या कागदाखेरीज. कळ आली, थांबली, परत आली. मग लक्षात आलं की मी निघाल्यापासून दात आवळून पळते आहे. तोंड उघडलं, मोठा श्वास घेतला, दुखणं गेलं. तिथून पुढे मी चालले, पळाले, पुन्हा चालले. ज्या देवीने नाही म्हटलं होतं तिचंच नाव प्रत्येक चार पावलांना तोंडात येत होतं. सवय होती. मी ते येऊ दिलं.

माझ्यामागे फक्त एक सत्तरीचे गृहस्थ होते, आणि त्यांनी चप्पल घातली होती. दोरीच्या पलीकडे हे उभे होते, एका हातात सोललेलं शहाळं, दुसऱ्यात जिभेखाली धरायच्या गोळीची डबी. मी पोहोचले तसे ते पुढे आले, शहाळं मला दिलं आणि माझा दुसरा हात धरून नाडी मोजायला लागले, जणू त्यांना ती कळते. मग खिशातून कागदाची पुडी काढली. पहाटे निघण्याआधी देवळात जाऊन अंगारा आणला होता. कित्येक महिन्यांनी गेले होते.

"गुरव काही म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. हात मात्र थरथरत होते त्याचे. म्हातारा झाला आता." त्यांनी अंगाऱ्याची चिमूट घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, देवीने शब्द पाळला. माझ्यासारखी नाही ती. ती खोटं बोलत नाही."

मी शहाळं खाली ठेवलं आणि कपाळ पुढे केलं.